शेपटीवरचा आकडा: लष्करी विमानांचा इतिहास शोधू पाहणाऱ्यांसाठी

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे निघालं की वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. १९९८ साली ते सुरू झालं. आवारात शिरताच नजरेत भरतं ते चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं लांबलचक विमान, सुपर कॉन्स्टेलेशन. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, मुलं चाकांना हात लावून बघतात आणि मंडळी समुद्राकडे वळतात. तुम्ही गेलात तर तिथे थोडं थांबा आणि त्याच्या अंगावरचा आकडा वाचा: आयएन ३१५.

हा त्याचा तिसरा आकडा. पन्नासच्या दशकात ते एअर इंडियाचं व्हीटी-डीएचएम होतं, प्रवाशांना घेऊन परदेशी जायचं. पुढे ते हवाई दलाकडे गेलं आणि बीजी ५७५ झालं. १९७६ मध्ये समुद्रावरच्या टेहळणीचं काम हवाई दलाकडून नौदलाकडे आलं, दाबोळीला ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली आणि या विमानाने तिसरा अंगरखा चढवला. सांगाडा एकच, पण मालक तीन, आणि तिघांची दप्तरं तीन वेगळ्या ठिकाणी.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं मला विचारतात, "सर, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, एक विमान निवड. एकच. त्याचा जन्म कुठे झाला, ते कुणी उडवलं, कुणी दुरुस्त केलं आणि आज ते इथे का उभं आहे, एवढं पुराव्यानिशी सांगता आलं की इतिहासकाराचं काम काय असतं ते कळतं. पुढचा सगळा लेख या एका सल्ल्याचाच विस्तार आहे.

प्रकारावर नको, एका विमानावर लिहा

नवखा माणूस बहुधा 'मिग-२१' असा विषय घेतो. मग वेग, उंची, इंजिन, शस्त्रं यांची जंत्री होते. ही माहिती शंभर ठिकाणी आहे, तुमच्याकडून तिची कुणाला गरज नाही. तुमच्या गावच्या चौकात, शाळेच्या मैदानात किंवा एखाद्या बागेत उभं असलेलं ते एक विमान मात्र बहुतेक वेळा बेवारस असतं. त्याच्यावर कुणीही दोन पानं लिहिलेली नसतात. मुंबईत असाल तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं मरुत बघा. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरात तयार झालेलं हे लढाऊ विमान १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं.

पहिल्या भेटीत लिहायचं काही नाही, फक्त बघायचं. विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि आठ दिशांनी फोटो घ्या. मग जवळ जाऊन प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा, प्रत्येक ठिगळ टिपा. भारतीय हवाई दलाच्या जुन्या क्रमांकात पुढची अक्षरं विमानाचा प्रकार सांगतात: बीए म्हणजे हंटर, बीडी म्हणजे मरुत, आयए म्हणजे मिस्तेर, आयसी म्हणजे तुफानी, आयएफ म्हणजे कॅनबेरा, आयई म्हणजे नॅट, आणि नुसता सी असला तर मिग-२१. ही अक्षरं पाठ करून ठेवा. जुन्या धूसर फोटोत विमानाचं नाक कापलं गेलेलं असतं आणि शेपटीकडची दोन अक्षरं तेवढी दिसतात, तेव्हा हाच आधार उरतो.

चालू हवाई तळाच्या फाटकावर उभं केलेलं विमान असेल तर मोबाईल खिशातच ठेवा. आधी लेखी परवानगी. तळाच्या आवारात किंवा फाटकाशी चोरून घेतलेला फोटो तुमच्याही अंगाशी येईल आणि मागून येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचं दार बंद करील.

रंगवलेला आकडा आणि खरा आकडा

२७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी १ शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डाकोटा विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५. आज हवाई दलाकडे याच क्रमांकाचा एक उडता डाकोटा आहे, 'परशुराम' नावाचा. भंगारात निघालेला सांगाडा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतला, ब्रिटनमध्ये त्याची डागडुजी करून घेतली आणि हवाई दलाला भेट दिला. २०१८ मध्ये तो दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर दाखल झाला. पण श्रीनगरला उतरलेलं विमान ते हे नव्हे. त्या उड्डाणाच्या सन्मानार्थ तो क्रमांक याच्या अंगावर रंगवला आहे. हे उघडपणे जाहीर केलेलं आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. तरीही लोक त्याच्यासमोर उभे राहून "हेच ते विमान" असं मुलांना सांगतात. चाळीस वर्षांनी कागद हरवले आणि रंग तेवढा राहिला, तर काय होईल याचा विचार करा.

म्हणून रंगाच्या खाली बघायला शिका. निर्मात्याची धातूची पट्टी शोधा. ती कॉकपिटमध्ये किंवा चाकाच्या कप्प्यात, नाहीतर एखाद्या झाकणाच्या आत असते. परवानगी असेल तर पॅनेल उघडून त्याची आतली बाजू पाहा.

एका शाळेच्या आवारातल्या नॅटवर मी काम करत होतो तेव्हाची गोष्ट. बाहेरून आकडा अगदी ठसठशीत रंगवलेला. पोटाकडची तीन पॅनेलं उघडली तर आतल्या बाजूला तीन वेगवेगळे क्रमांक निघाले, रंगाच्या ब्रशने घाईत लिहिलेले. मी चक्रावलो. माझ्यासोबत हवाई दलातून निवृत्त झालेले एक फिटर काका होते. ते शांतपणे म्हणाले, "अहो, युद्धाच्या दिवसांत ज्याचं झाकण हाताला लागलं ते बसवलं. विमान वर जाणं महत्त्वाचं होतं." मग त्यांनी डाव्या बाजूच्या एका ठिगळावरून अंगठा फिरवला, रिव्हेट म्हणजे पत्रा जोडणारे खिळे मोजले आणि म्हणाले, "हे काम तळावरचं नाही, कारखान्यातलं आहे. आम्ही एवढ्या जवळ रिव्हेट मारत नव्हतो." त्या एका वाक्याने हे विमान कधीतरी मोठ्या दुरुस्तीसाठी कारखान्यात गेलं होतं हे कळलं, आणि पुढे कुठले कागद शोधायचे तेही.

जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढू नका. त्या थरांखाली आधीच्या स्क्वाड्रनची खूण असू शकते. एकदा घासली की ती कायमची गेली.

कागद कुठे असतात आणि ते कसे वाचायचे

विमानाच्या देखभालीचा मुख्य दस्तऐवज म्हणजे फॉर्म ७००. उड्डाणापूर्वी कोणी काय तपासलं, कोणता बिघाड निघाला, तो कोणी दुरुस्त केला, हे सगळं त्यात सह्यांसकट असतं. विमान निवृत्त झाल्यावर ही कागदपत्रं फारशी कुणी जपत नाही. म्हणून एखाद्या संग्रहालयाला विमान मिळत असेल तर पहिल्याच पत्रात ती मागा. विमान ट्रेलरवर चढलं की कागद मागणारा कुणी उरत नाही.

वैमानिकाचं लॉगबुक घरात सापडतं. एका ओळीत एक उड्डाण: तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, कोण उडवत होतं, सोबत कोण, काम काय, किती तास. रात्रीची उड्डाणं बहुतेकदा लाल शाईत. महिनाअखेर बेरीज आणि वरिष्ठाची सही. पहिल्यांदा लॉगबुक हातात आलं की लोक युद्धाचं पान शोधतात. तुम्ही आधी क्रमांकाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. तुमचं विमान एखाद्या साध्या सरावाच्या दिवशीच भेटेल.

दुसऱ्या महायुद्धातलं काम असेल तर स्क्वाड्रनच्या दैनंदिन नोंदी पाहाव्या लागतात. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार वापिटी विमानांनिशी पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तेव्हा सगळी पद्धत ब्रिटिशांची, त्यामुळे महायुद्धातल्या भारतीय स्क्वाड्रनच्या नोंदवह्याही लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, 'एअर २७' या मालिकेत आहेत. त्यात फॉर्म ५४० म्हणजे महिन्याचा वृत्तांत, आणि ५४१ म्हणजे एकेका उड्डाणाचा तपशील: कोणतं विमान, कोण वैमानिक, किती वाजता गेलं, किती वाजता आलं. ५४० वाचायला रसाळ असतो, पण तुमचं काम ५४१ मध्ये आहे. लंडनकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे, एखादा शनिवार या कामी द्या. नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या अभ्यासकाचं वर्षाचं काम त्यात होऊन जाईल.

वेळेचा एक सापळा इथेच सांगतो. १९४२ ते १९४५ या काळात भारतातली घड्याळं प्रमाणवेळेच्या एक तास पुढे केलेली होती. एका कागदावर सकाळी सात आणि दुसऱ्यावर सहा दिसलं, तर कुणाला तरी खोटं ठरवण्याआधी कोण कोणत्या घड्याळावर लिहीत होतं ते तपासा.

भारतात दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर घरबसल्या शोध घेता येतो. संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आहे. दिल्लीच्याच युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैन्यदलांच्या इतिहासाचं संशोधन केंद्र आहे. शौर्य पदकांची मानपत्रं सरकारी संकेतस्थळावर मिळतात. २०२१ मध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की साधारणपणे २५ वर्षांनंतर कागदपत्रं खुली व्हावीत. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर नेमकं मागा: अमुक क्रमांकाचं विमान, अमुक वर्ष, अमुक कागद. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत की उत्तरही तसंच गोलगोल येतं.

महायुद्धात विमान पडून माणसं गेली असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी नावाने शोधता येते. पुण्यात खडकीची युद्धस्मशानभूमी याच आयोगाकडे आहे. ज्यांचा देह मिळालाच नाही अशा अनेक भारतीय वायुसैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत.

माणसं आहेत तोवर

या कामात मला सगळ्यांत जास्त घाई कशाची वाटत असेल तर ती याची. कागद अजून वीस वर्षं टिकतील. माणसं तेवढी थांबणार नाहीत.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. यातली शेकडो विमानं नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. निफाड, पिंपळगाव, नाशिकरोडच्या घराघरांत ती जोडणारे, तपासणारे, रंगवणारे हात आहेत. वैमानिकांच्या मुलाखती पुष्कळ होतात, या लोकांच्या जवळजवळ होत नाहीत. तुम्ही नाशिककर असाल तर तुमचा पहिला प्रकल्प तुमच्या गल्लीतच आहे.

मुलाखतीला जाताना प्रश्नांची मोठी यादी नेऊ नका. विमानाचे मोठे छापलेले फोटो न्या, ते टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. माणूस फोटोवर बोट ठेवून आपोआप बोलू लागतो. "तुम्हाला तेव्हा काय वाटलं?" असं विचारलं की पेपरात वाचलेलं उत्तर मिळतं. "सकाळी हँगरमध्ये शिरल्यावर पहिलं काय करायचात?" असं विचारलं की खरं काम समोर येतं. कुठलं हत्यार कुठल्या हातात, थंडीत कोणता नट अडायचा, कोणाची सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. मधेच तारीख चुकली तर टोकू नका. घरी आल्यावर कागदाशी पडताळा. रेकॉर्डिंग आणि वापराची परवानगी लेखी घ्या, आणि ध्वनिफीत त्यांच्या मुलांनाही द्या.

चहा येतो तेव्हा काकूंना विसरू नका. बहुतेक घरांत बिस्किटांचा पत्र्याचा डबा कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक असतं. "अहो, त्यात काय आहे, जुने कागद," असं म्हणत त्या तो डबा काढतात. एकदा अशा डब्यात बदलीच्या हुकुमाखाली घडी घातलेली जेवणाची यादी निघाली, तिच्या मागे पेन्सिलीने सहा जणांची नावं. एका फोटोतल्या अनोळखी माणसांची ओळख आम्हाला त्या यादीने पटली.

आणि कुणालाही फोटो लॅमिनेट करू देऊ नका. लोक प्रेमाने करतात, पण उष्णतेने आणि डिंकाने फोटो आतून खराब होतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव लिहा, ६०० डीपीआयने स्कॅन करा, मूळ फोटो त्यांच्या हातात परत द्या.

पलीकडची बाजूही वाचायची

१९६५ च्या युद्धात, ३ सप्टेंबरला, जम्मूकडच्या छांब भागात आपली नॅट आणि पाकिस्तानची सेबर या लढाऊ विमानांची झुंज झाली. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एक सेबर पाडल्याचं नोंदलं गेलं, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानच्या बाजूने मात्र ते सेबर, वैमानिक युसुफ अली खान, जबर मार खाऊनही सरगोध्याच्या तळावर परतल्याचं सांगितलं जातं. आज भारतीय अभ्यासकही ते मान्य करतात. त्याच दिवशी आपलं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे.

हे लिहिताना काही वाचक रागावतात. मी त्यांना सांगतो, कीलर यांनी समोरच्या विमानावर गोळ्या लागताना पाहिल्या, ते खाली जाताना पाहिलं, आणि लगेच पुढच्या धोक्याकडे वळले. ते पाहिलं तेच बोलले. विमान जमिनीवर आदळेपर्यंत पाहत बसणारा वैमानिक जिवंत परत येत नाही. त्यांच्या धैर्याला यातून तसूभरही धक्का लागत नाही. पाडल्याचा आकडा लिहायचा तर ज्याचं पडलं त्याच्या नोंदी पाहिल्याशिवाय लिहू नये. हा नियम आपल्यालाही आणि त्यांनाही.

वस्तू हाती आल्यावर

इथून अभिरक्षकाचं, म्हणजे संग्रहातल्या वस्तू सांभाळणाऱ्याचं, काम सुरू होतं, आणि पहिला विचार जिवाचा. कॉकपिटमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची, असेल तर तिची काडतुसं काढून निकामी केल्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत आत कुणालाही बसवू नका, पाहुण्यांच्या मुलालाही नाही. महायुद्धाच्या काळातल्या उपकरणांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. आज तो चमकत नाही म्हणून लोकांना तो मेला असं वाटतं, पण रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच उघडू नका, खरवडू नका, वेगळ्या कपाटात नोंद करून ठेवा. जुन्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती बाकीच्या संग्रहापासून बाजूला काढा. नायट्रेट फिल्म तर पेट घेते, ती तज्ज्ञाकडेच द्या. आणि शेतात, डोंगरात एखादा जुना लष्करी तुकडा सापडल्याचा फोन आला तर धावत जाऊन उचलू नका, आधी पोलिसांना कळवा.

मग नोंदवही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कोणाकडून आली, कधी, भेट की उसनवारी, दात्याची सही, आणि आलेल्या दिवशीची अवस्था फोटोसकट. हे कंटाळवाणं वाटतं. पण दात्याचा नातू वीस वर्षांनी दारात येतो तेव्हा हेच एक पान कामाला येतं.

उघड्यावरच्या विमानाचा कोकण-गोव्यातला खरा शत्रू पाऊस आणि खारा वारा. पावसाळ्यापूर्वी पंखांतली आणि पोटाकडची पाणी निघून जायची भोकं मोकळी करा. हवा शिरण्याच्या तोंडांना झाकणं लावा, नाहीतर साळुंक्या घरटी करतात आणि त्या ओल्या काडीकचऱ्याखाली धातू सडतो. वजन टायरवर ठेवू नका, खाली आधार द्या. दर महिन्याला त्याच जागांचे फोटो घ्या म्हणजे गंज किती सरकला ते दिसेल.

मुंबईकरांना विक्रांत आठवत असेल. १९७१ मध्ये जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे विमानं उडाली ती विमानवाहू नौका निवृत्तीनंतर मुंबईच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. वस्तू मिळवण्याच्या उत्साहात दरवर्षीच्या देखभालीचा पैसा कुठून येणार हे विचारलं नाही, तर लहान गावातल्या विमानाचंही असंच होतं.

शिक्षणाचं थोडक्यात: मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग जुना आणि नावाजलेला आहे, आणि जतनासाठी लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा. इतिहासाची पदवी नसली तरी अडत नाही, धातू किंवा यंत्रं कळणाऱ्यांची इथे फार गरज आहे.

शेवटी फलक

इतक्या सगळ्या खटाटोपातून लोकांसमोर येतो तो साठ-सत्तर शब्दांचा फलक. 'या विमानाने १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवला' हे वाक्य मी अनेक ठिकाणी वाचलं आहे, कधीकधी १९७१ नंतर बांधलेल्या विमानाखालीही. तुमच्या फलकावरच्या प्रत्येक वाक्यामागे फाईलमध्ये एक कागद किंवा एक नोंदवलेली मुलाखत हवी. क्रमांक नंतर रंगवलेला असेल तर तसं लिहा. एखादा भाग दुसऱ्या विमानाचा असेल तर तेही लिहा, लोकांना ते आवडतं, ते वाकून तो भाग बघतात.

आणि वैमानिकाच्या नावाखाली, माहीत असेल तर, ते विमान तयार ठेवणाऱ्या फिटरचंही नाव द्या. त्या शाळेतल्या नॅटच्या फलकावर आम्ही ते दिलं, काकांची आणि त्यांच्यासारख्या आणखी चौघांची परवानगी घेऊन. उद्घाटनाच्या दिवशी काका नातीला घेऊन आले होते. तिने फलकावरचं नाव मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं, आणि मग विचारलं, "आजोबा, यातलं तुम्ही लावलेलं ठिगळ कुठलं?" काका तिला हाताला धरून विमानाच्या उजव्या बाजूला घेऊन गेले.